शनिवारी न लागणारं सेशन

शनि. १ फेब्रु. १९९२
आजच्या एका सेशनची, म्हणजे दोन मशीनच्या जोडणीची, खरी किंमत: फोर्टच्या हेडऑफिसला फोन सात, त्यातले चार एंगेज. चलनं निघेनात म्हणून गेटवर माल भरून उभे ट्रक तीन. टर्मिनलवर बसणाऱ्या सुषमाबाईंचा डबा न उघडता परत कुळगावला. सकाळचे पावणेचार तास. आणि एवढं करून हे.ऑ.च्या रजिस्टरला एकच ओळ, "अंबरनाथ लाइन खराब."
खराब म्हणे! मी स्वतः हँडसेट लावून ऐकली. खरखर नाही, तुटणं नाही. टेलिफोनच्या केबल गँगमध्ये खड्ड्यात बसून तयार झालेत हे कान, एसीत बसून नाही.

सोम. ३
साठ्येसाहेबांची (हे.ऑ.चे सिस्टिम मॅनेजर) चिठ्ठी. महिनाअखेर सुधारणा नाही तर इथली कॉम्प्युटर रूम बंद. मशीन फोर्टला, मी फोर्टला, सु.बाई फोर्टला. कारण काय, तर "केबलमध्ये पाणी शिरले असावे". फेब्रुवारीत! इथे नळाला पाणी नाही, केबलला कुठून आलं?
सु.बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग म्हणाल्या, "भोईरदादा, सासूबाई अंथरुणावर. मला फोर्ट म्हणजे राजीनामाच."
कीबोर्डवरची धूळ पुसत बसलो.

मंगळ. ४
डिस्पॅचचा मूलचंदानी येऊन टेबलावर बसला. "साईं, लाइन अच्छी है तो दोनों मशीन बात क्यों नहीं करते?"
म्हटलं, लाइन म्हणजे नुसता रस्ता. बोलणं ठरावं लागतं. आधी फोर्टचं मोठं मशीन, मेनफ्रेम, हाक मारतं. आपलं धाकटं ओ देतं. मग आपली टर्मिनलं एकेक नावानं उठवली जातात. मग मोठं मशीन अटी पाठवतं, बाइंड म्हणतात त्याला: आधी कोण बोलणार, एका वेळी केवढा तुकडा पाठवायचा, मधे अडलं तर पुन्हा सुरुवात कोणी करायची. आपल्यानं कबूल केलं की सेशन लागलं. नाही म्हटलं की संपलं.
मू.: "मतलब पहले सौदा, बाद में माल. तो बिगड़ता किधर है, हाक में के सौदे में?"
उल्हासनगरच्या कापडगाळ्यात वाढलेला माणूस. साठ्येंनी इतक्या चिठ्ठ्यांत जे विचारलं नाही ते यानं एका वाक्यात विचारलं. शनिवारी आमच्या पॅनेलवर हाकच आली नव्हती.

गुरु. ६
जुनी रजिस्टरं काढली. सगळ्या तक्रारी शनिवारच्या. एकूण एक! रविवार ते गुरुवार काही नाही. सु.बाई म्हणाल्या, "आणि आदल्या दिवशी आपली सुट्टी."
डोक्यात लख्ख. विजेच्या टंचाईपायी इथल्या कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी, त्या दिवशी मशीन बंद. फोर्टची सुट्टी रविवारी, पण त्यांचं मशीन तेव्हाही चालूच. म्हणजे शुक्रवारी ते हाक मारतात आणि इकडे…

शुक्र. ७
सुट्टी मोडून फोर्टला गेलो. त्यांच्या ऑपरेटरच्या मागे स्टूल घेऊन बसलो. दहा वाजता तो म्हणतो, "अंबरनाथ ओ देत नाही," आणि लाइनच कन्सोलवरून बंद! शनिवारी चालू कोण करणार? आमचा फोन येईपर्यंत कोणी नाही.
म्हटलं, "अरे बाबा, आज आम्हाला सुट्टी आहे!"
"शुक्रवारी कसली सुट्टी?"
साठ्ये आले. म्हणे, "हे आम्हाला कोणी कळवलं नाही."
माझं टाळकंच सरकलं. "साहेब, आमची हजेरी तुमच्याच मशीनवर छापून येते. दर शुक्रवारी 'सुट्टी' लिहिलेलं असतं. खाली सही तुमची!"
ऑपरेटर खाली बघून हसला. मला चेव आला. सगळ्यांदेखत बोललो, अंबरनाथच्या बाजूचा एक आकडा जरी चुकलेला निघाला तर मिशा उतरवून येईन.
साठ्ये: "ठीक आहे. आज लाइन परत चालू करून ठेवतो. उद्या सेशन आपोआप लागलं पाहिजे. नाहीतर चिठ्ठी कायम."

शनि. ८
सातला मशीन चालू. सात दहाला हाक आली! मू. दारातून, "हो गया, साईं?" टर्मिनलं उठली. अटी आल्या. आमच्या मशीननं नकार दिला. पुन्हा आल्या, पुन्हा नकार. सु.बाईंनी पदर तोंडाला लावला.
साठ्येंचा फोन, आवाज साखरेसारखा: "भोईर, हाक पोचली ना? नकार तुमच्याकडचा आहे."
तासभर शोधलं. आपोआप सेशन लागताना मेनफ्रेम नेहमीचा मोठा तुकडा मागतं. आमच्या मशीनमध्ये तुकड्याची मर्यादा लहान. मग इतके दिवस कसं चाललं? तर आम्ही फोन केला की त्यांचा ऑपरेटर हातानं जुनी, लहान तुकड्याची अट टाकायचा. एकदा लागलेलं सेशन गुरुवारपर्यंत टिकायचं. कोणी कोणाला बोललं नाही.
मर्यादा वाढवली. आठ चाळीसला सेशन लागलं, ट्रक सुटले. साठ्ये म्हणाले, "चिठ्ठीचं सोमवारी बघू." बघू म्हणजे काय? शुक्रवारची चूक यांची, ती 'बघू'मध्ये कुठे गेली?
सु.बाईंनी विचारलं, "दादा, ही लहान मर्यादा ठेवली कोणी?"
सेटिंगची वही उघडली. पहिल्या चाचणीच्या दिवशीचा आकडा, पुढे लिहिलंय 'तात्पुरता'. अक्षर माझं.