मांडणीवरची पेटी

वडनेर, ता. ४ ऑगस्ट २००५

चि. रजत यास मंजूताईचे अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू नुसता ‘हो ताई’ म्हणतोस आणि विसरतोस, म्हणून पत्र. बाबा चार दिवस इकडे राहून तुझ्याकडे परतले. त्यांच्याकडून तुझे पराक्रम कळले. तू म्हणे नागपूरच्या भंगारवाल्याकडून कॉम्प्युटरची माहिती साठवायची एक लांबलचक लोखंडी पेटी आणलीस, समोर दोन मुठी असलेली, कंपन्यांच्या कपाटात सरकवायची. तसलं कपाट आपल्या बापजाद्यांनी पाहिलेलं नाही, म्हणून तुझ्या रीताने लग्नात आणलेले पितळी डबे खाली उतरवून ती स्वयंपाकघरातल्या मांडणीवर चढवलीस. पंखे पिठाच्या गिरणीसारखे वाजतात म्हणे. शाबास! वर्ध्याची लाइट दिवसातून सहा तास जाते आणि तुझ्या पेटीला चोवीस तास करंट पाहिजे. लहानपणी तू रेडिओ उघडून पुन्हा जोडलास, त्यातले उरलेले स्क्रू अजून माझ्याकडे आहेत.

आता तुला बाबांच्या कपाटातली आईची कॅसेट त्या पेटीत उतरवायची आहे म्हणे. आईला जाऊन सहा वर्षं झाली. भुलाबाईच्या गाण्यांच्या त्या एका कॅसेटशिवाय तिचा आवाज कुठेच नाही. तिला हात लावायचा नाही. रीताला सांग, डबे परत वर ठेव.

लोभ आहेच, अक्कल तेवढी वाढव.
मंजूताई

वर्धा, ता. १९ ऑगस्ट २००५

ती. सौ. मंजूताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येण्याआधीच कॅसेटला हात लागला होता. तिला बुरशी आली होती. एकदा सलग वाजली, तेवढ्यात मी ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. दुसऱ्यांदा लावली तर फितीचे तुकडे पडले. हवं तितकं रागाव, पण आणखी एक पावसाळा गेला असता तर काहीच हाती लागलं नसतं.

तो कॉम्प्युटर उसना होता; आता आवाज पेटीत आहे. तिच्यात चार डिस्क आहेत. एक बिघडली तरी बाकीच्या तिघी मिळून तिचं सगळं परत उभं करतात. तुमच्या वडनेरात असं काही आहे का? असो. दुसऱ्या गावी एक प्रत असावी म्हणून सोबत सीडी पाठवतो. डबीत जपून ठेव. भाऊजींना नमस्कार.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
रजत

वडनेर, ता. ५ सप्टेंबर २००५

चि. रजत यास अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस नीट जेवले नाही. आईची कॅसेट तू तोडलीस आणि वर ऐट आहेच. चार डिस्क, चौघी एकमेकींना सांभाळतात म्हणे! तुला एक बहीण सांभाळता येत नाही.

तुझी सीडी मिळाली. ती वाजवायला आमच्याकडे यंत्र नाही, आणि आई जर तुझ्या पेटीत चार-चारदा सुखरूप आहे, तर पाचवीची गरज काय? परसातल्या जामाच्या झाडाला पोपटांनी उच्छाद मांडला होता. तुझी चकती दोऱ्याने फांदीला टांगली. उन्हात अशी चमकते की पोपट फिरकत नाहीत. तुझ्या शिक्षणाचा या घराला पहिल्यांदाच उपयोग झाला. जाम पिकले की पाठवते.

कळावे, रागासकट लोभ.
मंजूताई

वर्धा, ता. १४ ऑक्टोबर २००५

ती. सौ. ताईस शि. सा. न.

हे पत्र तुमच्या गावचा प्रेमदास गावी येतो आहे, त्याच्याच हाती देतो. फोनवर मला हे सांगवलं नसतं. बाबा तीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते आणि दसऱ्याला मशीन स्वतः धुवायचे, हे तुला माहीत आहे. परवा दसऱ्याला मी बाजारात गेलो होतो. बाबांनी पेटी खाली उतरवली, अंगणात नेऊन पाइपने धुतली, घटकाभर उन्हात ठेवली, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि बटण दाबलं. आतून धूर निघाला. चारही डिस्क एकदम गेल्या. नागपूरला दाखवल्या, काही निघत नाही म्हणाले.

 बाबा एवढंच म्हणाले, “तिच्यात तुही माय होती ना, मंग पूजा नाई करू तं काय करू?” तेव्हापासून जेवणावर त्यांचं लक्ष नाही.

एका पेटीत चार ठिकाणी ठेवणं म्हणजे एकाच ठिकाणी ठेवणं, हे मला आता कळलं. तू हसलीस तरी चालेल. पण ताई, ती चकती अजून झाडावर असेल तर आजच उतरव.
रजत

वडनेर, ता. १८ ऑक्टोबर २००५

चि. रजत यास अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि तशीच शिडी लावून झाडावर चढले. तुझे भाऊजी खालून ओरडत होते. दीड महिन्याचं ऊनपाणी, फांदीच्या घासण्याने पडलेले चरे, वर पोपटांची घाण. माझ्या शहाणपणाला हे बक्षीस. पदराने पुसली आणि प्रेमदासच्या घरी नेली, त्याच्याकडे सीडीचं यंत्र आहे.

पहिली तीन गाणी वाजलीच नाहीत, नुसती खरखर. चौथं अडखळत सुरू झालं. आई दोन ओळी म्हणाली आणि मध्येच थांबली. मग तिचा आवाज अगदी स्वच्छ आला, “मंजे, काऊन दात काढून राह्यली? हसनं सोड अन् नीट सांभाय!” त्यापुढे चकती अडकली. तेव्हा मी दहा वर्षांची असेन, टेप माझ्याच हातात दिला होता. कशाला हसले होते, आठवत नाही.

प्रेमदासकडे सगळ्यांसमोर मी ढसाढसा रडले. तेवढंच उरलं आहे, रजत, आणि ते माझ्यासाठीच उरलं आहे.

रविवारी बाबांना घेऊन ये. त्यांना मी ऐकवते. येताना कोऱ्या सीडी आण. एक प्रत तुझ्याकडे, एक बाबांकडे, एक प्रेमदासकडे. माझी मी धान्याच्या कोठीत ठेवते. आणि नवी पेटी घेशील तर मांडणीवर वरच्या खणात ठेव, बाबांचा हात पोचणार नाही असा.

लोभ ठेव, मी त्या लायकीची नसले तरी.
आईची बोलणी खाल्लेली,
मंजी