सात नंबरच्या मशीनवरची ताई

सोमवार, ३

नोकरी लागली! वाचनालयाच्या तळमजल्यावरची संगणक खोली आजपासून माझी. बारा मशीन, बारा फिरत्या खुर्च्या, एक रुंद खिडकी आणि किल्ल्यांचा जुडगा. सगळ्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स, ती फुकटात मिळणारी संगणकप्रणाली, आहे हे पाहून तर माहेरी आल्यासारखं वाटलं. कॉलेजात यावरच गेम खेळून मी चष्मा लावून घेतला होता. ग्रंथपालबाई म्हणाल्या, शाळा सुटल्यावर मुलीलाही इथेच आणत जा, घरी एकटी कशाला ठेवता. आम्ही मायलेकी दोघीच, हे त्यांनी न सांगता ओळखलं. ठकीने आल्याआल्या बाराही खुर्च्या फिरवून पाहिल्या आणि सात नंबरची पसंत केली. बाईसाहेब सात वर्षांच्या, म्हणून सात!

मंगळवार, ४

भिंतीवर एक हाताने लिहिलेली यादी आहे, ‘आपले लाडके गेम’. आधीच्या ताईंची. पंधरा वर्षं ही खोली त्यांनी सांभाळली, मागच्या हिवाळ्यात आजारपणात गेल्या. यादीतला प्रत्येक गेम थेट लिनक्ससाठी बनलेला, विंडोजचे गेम चालवायला लागतो तसा मध्ये दुभाषा प्रोग्राम लागत नाही. पेंग्विनची मोटारशर्यत, षटकोनी घरांच्या पटावरची लढाई, बेडकाचं कोडं. प्रत्येकापुढे एकेक ओळ, जसं की ‘हरलात तरी हसाल’. निवड चांगली आहे, खोटं कशाला बोलू. खाली मी माझे दोन लाडके गेम जोडले. एका मुलीने ते वाचलं आणि विचारलं, हे ताईंना आवडायचे का?

शुक्रवार, ७

ताई असं करायच्या, ताई तसं सांगायच्या. शिपाईकाका तर म्हणतात, ताईंच्या वेळी प्रिंटरसुद्धा कधी अडला नाही. आता प्रिंटर अडला तो माझा पायगुण! कुठलाही गेम उघडा, गुणतक्त्यात पहिलं नाव ‘ताई’. आज जेवणाच्या सुट्टीत डबा न खाता सात नंबरवर बसले आणि मोटारशर्यतीत ताईंची वेळ तीन सेकंदांनी मोडली. एकटीच मोठ्याने हसले. गेलेल्या बाईला हरवून इतका आनंद व्हावा याची थोडी लाज वाटली. थोडीच.

सोमवार, १०

तक्त्यात पुन्हा वर ‘ताई’. माझ्यापेक्षा एक सेकंद कमी. तारीख कालची, रविवारची. रविवारी वाचनालय बंद असतं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये होती. शिपाईकाका म्हणाले, मशीनचं घड्याळ चुकलं असेल.

घड्याळ बरोबर आहे. तीनदा तपासलं.

बुधवार, १२

ठकी दोघांची शर्यत खेळत होती, एकटीच. दुसरा कंट्रोलर टेबलावर नुसता पडलेला, आणि दुसरी गाडी मात्र वळणं घेत होती. मला वाटलं, मशीनच चालवतंय. मेनूत पाहिलं तर ‘दोन खेळाडू’. ठकी म्हणाली, ती ताई आहे, तिने मला धबधब्यामागची चोरवाट दाखवली, तू कधीच दाखवली नाहीस.

ती वाट मला माहीतच नव्हती. खरं तर भीती वाटायला हवी होती. पण आधी पोटात दुखलं ते वेगळ्याच कारणाने. माझ्याबरोबर ठकी इतकी खळखळून शेवटचं कधी हसली?

गुरुवार, १३

यादी फाडून टाकली. सात नंबरची डिस्क कोरी केली, सगळं नव्याने घातलं. ग्रंथपालबाईंना सांगितलं, मशीन बिघडलं होतं. दुपारी सुरू केलं. तक्त्यात एकच नाव होतं.

ठकी माझ्याशी बोलत नाही.

शनिवार, १५

भाजीवालीसमोर ठकीने मला काकू म्हटलं. हसण्यावारी नेलं. घरी आल्यावर जवळ घेऊन विचारलं, मी कोण गं? म्हणाली, तुम्ही मला घरी सोडता ना, त्या. तुम्ही! पोटच्या पोरीच्या तोंडून.

सवतीमत्सर नवऱ्यावरून होतो म्हणतात. माझा पोरीवरून, आणि तोही एका मेलेल्या बाईशी. जळते मी तिच्यावर. लिहायला कसली लाज.

सोमवार, १७

ठकी खेळत असताना सात नंबरची वायर उपटली. पडदा काळा झाला आणि ठकी— तशीच बसून राहिली. डोळे उघडे. श्वास चालू. हाका मारल्या, गदागदा हलवलं. काही नाही. वायर परत लावली तेव्हा पापणी हलली.

उचलून दारापर्यंत नेलं तर अंग गार पडायला लागलं. धावत परत आणून खुर्चीत बसवलं. डॉक्टर आले तेव्हा मशीन चालू होतं. म्हणाले, पोर ठणठणीत आहे, तुम्हीच जरा विश्रांती घ्या.

विश्रांती!

मंगळवार, १८

रात्र इथेच काढली, ठकीला खुर्चीतून हलवलं नाही. आज दुसरा कंट्रोलर मी घेतला, पहिली गाडी ताईची. तीन शर्यती. तिन्ही हरले. चोरवाटेने गेले तरी ताई पुढेच—

ठकीने टाळ्या वाजवल्या. तिच्यासाठी.

पडद्यावर अक्षरं उमटली. पोरीला सोडते. तिच्या जागी तू बसशील?

बसेन. माझी आहे ती. हो लिहिलं.

ठकी हलली— गालांवर रंग आला— उठली, देवा, उठली—

मला उठता येत नाही. फक्त हा हात—

आई म्हणाली ती! किती दिवसांनी— पण माझ्याकडे बघून नाही. दारात कुणीतरी उभं आहे. माझी पर्स खांद्याला. ठकी तिच्या गळ्यात— आणि ती बाई माझ्याच आवाजात म्हणतेय, चल घरी—

ठकी, मी इथे आहे, मागे वळून ब