तीन अंडी

कीतो, ११ मे १९९६

कोम्पाद्रे एलिसेओ,

तुम्हां सर्वांना आठवण, तुमच्या लुस्मिलाला गोड पापा. आता दहा वर्षांची झाली असेल. तिच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून मी तिला हातावर धरलं होतं, म्हणून अजून तुम्हांला कोम्पाद्रे म्हणते. तीन वर्षांत तुम्ही मला कशानेच हाक मारलेली नाही, ते बरोबरच आहे.

इकडे सगळं ठीक. संग्रहालयाच्या तळघरात पुन्हा पाणी शिरलं. साप बुडवलेल्या बरण्यांतल्या स्पिरिटचा वास हातांना चिकटून राहतो. काल आईने मक्याच्या पानात गुंडाळून हुमिता उकडल्या, पान सोललं तर तोच वास. दोन घास खाऊन उठले.

डॉक्टर आरिसागा अजून प्रमुख आहेत, नाकाने कांदे सोलत फिरतात. तुम्ही आणलेला साप नवी जात ठरवून त्यांनी तिला देणगीदाराच्या आईचं नाव दिलं, हे कानावर आलं असेलच. समारंभाला केक होता, वर तपकिरी साखरेचा साप. म्हातारीने विचारलं, "हा खातो तरी काय?" कोणीतरी म्हणालं, "गांडुळं." तिने बशी खाली ठेवली. मी माझा तुकडा संपवला, वर बोटं चाटली. आठवलं की शिसारी येते.

मागच्या आठवड्यात, तुमचा साप मिळाला त्याच डोंगरातून एका शेतकऱ्याने पाच साप आणून दिले. सगळे एकाच कुजक्या ओंडक्याखाली सापडलेले. दोन आपल्या जुन्या जातीचे. तीन डॉक्टरांच्या नव्या जातीचे, म्हणजे पोटावर खवले जास्त आणि शेपटी आखूड. मी पाचही चिरून पाहिले. जुने दोन्ही नर, नवे तिन्ही माद्या. नवी जात कसली, जुन्याच जातीची बायको ती! संग्रहातले जुने नमुने सगळे नर होते, म्हणून मादी कोणी पाहिलीच नव्हती.

तुम्ही तेव्हाच सांगत होता. "अहो डॉक्टर, बाई आहे ती! बाईला पोट मोठं नको? अंडी काय खिशात ठेवणार?" सगळे हसले होते. डॉक्टर म्हणाले, "तू साप धर, खवले मोजायचं आमच्यावर सोड." मग माझ्याकडे वळून, "हिल्दा, चीर तू दिलीस. काय आहे?"

मी म्हणाले, "नर."

नोंदवहीतही तेच लिहिलं. नर म्हटल्यावर ती नवी जात ठरली. गेली तीन वर्षं लोकांना सांगते की नमुना जुना होता, आतलं सगळं विरघळलेलं होतं, नीट दिसलं नाही. कोम्पाद्रे, मला लख्ख दिसलं होतं. तीन अंडी होती. चिमटा त्यांना लागला होता. त्या महिन्यात माझी नोकरी कायम व्हायची होती, म्हणून मी शेण खाल्लं. तुम्हांला मात्र खोटारडे ठरवून हाकललं, आणि तुमची पिशवी दारापर्यंत मीच आणून दिली. तुम्ही माझे आभार मानलेत. ते आभार अजून घशात अडकलेत.

गुरुवारी मी डॉक्टरांना ते पाच साप दाखवले. ते म्हणाले, "पाच? मला तर दोनच दिसतायत. उरलेले टाकून दे. तू समजूतदार मुलगी आहेस." माझ्या खांद्यावर थोपटलं. मी न्हाणीघरात जाऊन ओकले. त्यांची किळस आली म्हणावं, तर त्यांनी मला ओळखलं ते बरोबरच होतं ना.

काल ते गावाला गेले होते. त्यांच्या कपाटातली तुमच्या सापाची बरणी मी काढली. अंडी पिवळी पडलीत, पण तिन्ही जागेवर आहेत. त्यांचे फोटो, पाचही सापांच्या खवल्यांची मोजणी आणि माझी सही असलेलं निवेदन आज सकाळी, ती नवी जात छापली त्या नियतकालिकाला रवाना केलं. त्यात लिहिलंय की ही मादी आहे हे सर्वांत आधी एलिसेओ तांगिला यांनी ओळखलं, आणि मी जाणूनबुजून खोटी नोंद केली. सोमवारी मला काढतील. काढू देत.

यामुळे तुमची तीन वर्षं परत येत नाहीत, हे कळतं मला. निवेदनाची प्रत सोबत आहे. तेव्हा जे जे हसले होते, त्यांना तुम्हांला वाटलं तर वाचून दाखवा.

उत्तराची अपेक्षा नाही असं लिहिणार होते. पण तेही खोटंच झालं असतं.

वाट पाहणारी,
हिल्दा