कॉम्प्युटर वेगवान करण्याबाबत

८ फेब्रुवारी २००४, रविवार. सकाळी १०
रोजनिशी सुरू. कोणाला दाखवायची नाही. फक्त स्वतःच्या रेकॉर्डसाठी.
घरचा कॉम्प्युटर म्हणजे बैलगाडी झालाय. शिवानी 'क' दाबते, चहाचा घोट घेते, मग 'क' उमटतो. तिचे वडील दादासो रोज दुपारी कळंब्याहून सिटी बसने राजारामपुरीत आमच्याकडे येतात. ते आपली हकीकत सांगतात, ही टाईप करते. त्यांचा हात थरथरतो, लिहिता येत नाही. चाळीस वर्षं फाउंड्रीत काढली. चौऱ्याऐंशी पानं झालीत. माझ्या मते जरा लांबलंय.
मेहुणा प्रसेनजीत पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. फोनवर म्हणाला, रॅम वाढवा, बाकी कशाला हात लावू नका. नोकरदार बुद्धी. मासिकाबरोबर आलेल्या सीडीत लिनक्सचा सगळा सोर्स कोड आहे. तो आपल्याच प्रोसेसरसाठी नव्याने कंपाईल करायचा. रेडिमेड शर्ट आणि मापाचा शर्ट, एवढाच फरक. आमच्या इरिगेशन ऑफिसात हे कोणाला कळणार नाही, म्हणून बोललो नाही.

दुपारी ३
बॅकअप घेतला. डेस्कटॉपवरची 'दादा' फाईल फ्लॉपीत टाकली. सेकंदात गेली. चौऱ्याऐंशी पानं, फक्त एक केबी. मराठी जागा खात नाही असं दिसतं.

दुपारी ४
विंडोज 'सी' ड्राईव्हमध्ये राहील. 'डी'मध्ये नुसती गाणी. 'डी' पुसून लिनक्सला दिला. शिवानीने विचारलं, माझी फाईल? म्हटलं, फ्लॉपी कपाटात आहे, निश्चिंत राहा.

१० फेब्रुवारी, मंगळवार
कंपाईल चालू. रजा टाकली. स्क्रीनवर अक्षरं धावतायत.
दादासो आले. मशीन बिझी आहे म्हणून सांगितलं. तासभर स्क्रीनकडे बघत बसले. मग म्हणाले, "ह्यात माझं काय हाय का?" म्हटलं, हा पाया आहे, तुमचं त्याच्यावर येणार. पाणी पिऊन गेले.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
लाईट गेली. निम्म्यावर आलेलं पॅकेज पुन्हा पहिल्यापासून. वीज मंडळाला कडक अर्ज लिहायचा.
दादासो आज पण आले. सोमवारी या म्हटलं. शिवानी अर्ध्या जेवणातून उठली. उकाड्यामुळे असेल.

१५ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १
झालं. सगळं उडतंय. मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात, ते किरकोळ. टायपिंगसाठी विंडोज आहेच.

दुपारी २
विंडोजमध्ये 'दादा' उघडत नाही. फ्लॉपी घातली. त्यातही उघडत नाही.

संध्याकाळी ६
प्रसेनजीतला फोन. त्याच्या म्हणण्याप्रमाणे मी कॉपी केला तो शॉर्टकट. खरी फाईल 'डी'मध्ये होती. शिवाय आठवडाभर त्याच जागेवर लिहीत होतो, त्यामुळे आता काही मिळायचं नाही. शॉर्टकट आणि फाईल सारख्याच दिसतात, हा डिझाईनचा दोष आहे हे त्याला पटवत होतो. त्याने फोन ठेवला.
शिवानी म्हणाली, "पत्ता जपून ठेवलात आणि घर पाडलंत." उपमा चांगली आहे. टेक्निकली पूर्ण बरोबर नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार
दादासोंना मीच सांगितलं.  मग म्हणाले, "परत सांगतो की. त्यात काय."
छप्पनच्या दीक्षेपासून सुरू केलं. नागपुरात त्यांना ताप भरला, एकाने पाठीवर घेऊन मैदानापर्यंत नेलं. त्याच्या नावाशी अडले. खूप आठवून बघितलं. शिवानीकडे बघितलं. ते नाव तिनेच टाईप केलेलं, पण तिलाही आठवेना. शेवटी दादासो म्हणाले, "तवा आपसूक आलतं तोंडात."
मी म्हटलं, नावाने काय फरक पडतो, प्रसंग महत्त्वाचा. 

२१ फेब्रुवारी, शनिवार
शिवानी कळंब्याला गेली. चार दिवस म्हणाली. कोर्टाजवळच्या टायपिंगवाल्याकडून जुना मराठी टाईपरायटर घेऊन गेली. मोह कसले असतात लोकांना. तोवर फॉन्टचं काम उरकतो.

२१ मार्च, रविवार
फॉन्ट जमले. अक्षरं स्वच्छ. टाईप करायला कोणी नाही.
म्हणून कळंब्याला गेलो. शिवानीला सांगितलं, मशीन आता एकदम फास्ट आहे. ती म्हणाली, "बरं झालं." आणि टाईप करत राहिली. दादासो सांगत होते. परत नागपूरवर आले, थांबले, म्हणाले, "एक गडी, असं लिही."
रिकामा बसलो होतो, म्हणून कागदामध्ये कार्बन घालायचं काम मागून घेतलं. दुसरी प्रत हवीच, हे मला कोणी सांगायला नको.
पाच पानं झाल्यावर कळलं, कार्बन उलटा लागला होता. दुसरी प्रत कोरी. सगळं पहिल्या कागदाच्या पाठीवर उलटं उमटलं. कार्बनची कुठली बाजू कुठली, हे त्यावर लिहिलेलं असतं तर हे झालं नसतं.
शिवानीने पानं माझ्या हातून घेतली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.
दादासो म्हणाले, "पावणं, तुमी च्या ठेवा."
ठेवला. साखरेचा डबा कुठे असतो ते विचारणार होतो. आत टायपिंग चालू होतं. थांबलो.