मांडीचा बाक

सोलापूर,
बुधवार, दुपार

प्रिय अक्का,

आधी खाली बस, मग पुढं वाच. मी जिवंत आहे, एवढं ऐकून घे. परवा माझ्या उजव्या मांडीचं हाड मोडलं. घसरले नाही की ठेचकाळले नाही. भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते, उठता उठता कट्‌कन आवाज झाला आणि मग मी पडले. आधी हाड मोडलं, मग मी पडले, हे डॉक्टरांना पटलं. आपल्या शिवानीला अजून पटत नाही. आईनं फरशीवर पाणी सांडलं असणार, असं ती सगळ्यांना सांगते.

अक्का, मला लई भीती वाटते. लेकीसमोर तोंड घट्ट मिटून पडते आणि ती डबा आणायला गेली की रडून घेते. उद्या सकाळी ऑपरेशन. डॉक्टरांचं नाव मृत्युंजय, पण बोलणं असं की ऐकणाऱ्याचाच जीव जावा! मांडीचं हाड सगळ्यांचंच जरा बाकदार असतं म्हणे. माझं मात्र पुढंही आणि बाहेरच्या अंगालाही फारच वाकलेलं. अशा हाडाच्या बाहेरच्या कडेवर ताण येतो, तिथं केसाएवढी चीर पडते आणि ती वाढत जाते. आता हाडाच्या पोकळीत सळई घालायची आहे. नेहमीची सळई घातली तर तिचं टोक गुडघ्याच्या वर आतून रुतून हाडाला दुसरीकडं तडा जायचा. म्हणून जास्त बाकाची सळई पुण्याहून मागवली. ती अजून आलेली नाही. आली आणि तीही बसली नाही तर काय, हे विचारायला माझी जीभ रेटत नाही.

खरं तर मांडी कधीपासून दुखत होती. मला वाटलं, खुर्चीत बसून बसून मांडी घालायची सवय मोडली. म्हणून लिंगपूजेला मुद्दाम जास्त वेळ मांडी घालून बसायला लागले. काय हे माझं शहाणपण! आता भलतेच विचार येतात. आपल्या लिंगायतांत माणसाला मांडी घालून बसवून माती देतात. सळईमुळं माझा पाय दुमडलाच नाही तर मला बसवणार कसं? डॉक्टरांना विचारलंसुद्धा. ते हसले, म्हणाले, आधी तुम्हाला उभं तर करू द्या. मला काही हसू आलं नाही.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू होय होय म्हणतेस आणि भावजींच्या खोकल्याकडं वळतेस. डॉक्टरांनी विचारलं, सख्खी बहीण आहे का, हाडाची अशी ठेवण घरात असू शकते. तेव्हा मला एकदम तूच आठवलीस. शिवानीच्या बाळाच्या बारशाला पंगतीतून उठताना तू भिंत धरली होतीस. गुडघा दुखतो म्हणालीस. अक्का, तुझा हात गुडघ्यावर नव्हता, मांडीवर होता. चीर असली तरी मोडायच्या आधी सापडली तर बरंच काही करता येतं, असं डॉक्टर म्हणतात. जावईबापू तुझ्याकडं वैरागला नुसतं पत्र द्यायला आलेले नाहीत, तुला न्यायला आलेत. त्यांचा हात धरूनच उंबरा ओलांड, मागच्या सीटवर पाय लांब करून बस. मला आत नेण्याआधी तुझ्या दोन्ही मांड्यांचे एक्सरे झालेले पाहिजेत. माझं काय व्हायचं ते होवो. तुझं हाड अजून मोडलेलं नाही. रागावून ये, शिव्या देत ये, पण ये.

तुझी घाबरट,
रुद्राणी