बहिरा टीव्ही आणि पंजाबरावांची सही

मी दयाराम शंकरराव अवसरमोल, वय एकोणपन्नास, शिक्षण सातवी पास, धंदा रेडिओ व टीव्ही दुरुस्ती, राहणार मौजे टेकाडवाडी, तालुका लोणार, जिल्हा बुलढाणा, आज सकाळी आंघोळ करून, बुद्धवंदना घेऊन, अंगात ताप नसताना व मनात भीती नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. कालच सुलतानपूरच्या दुकानात तीन रेडिओ दुरुस्त करून वाजवून दाखवले. शंका असेल त्याने त्या गिऱ्हाइकांना विचारावे. कोणी मला भरीला घातलेले नाही. परवा औरंगाबादला माझ्या पोटाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काही होत नाही. मीही गिऱ्हाइकाला असेच सांगतो, पण सेट उघडण्याआधी चिठ्ठी लिहून देतो. ही ती चिठ्ठी समजावी.

कलम १. टेकाडवाडीतील माझे दोन खोल्यांचे घर, मागचे अंगण व त्यातले कडुलिंबाचे झाड पत्नी जनकाबाई हिला. पोस्टातली शिल्लकही तिचीच. भाऊबंदांनी त्यात बोट घालू नये. या घराची माती तिने तुडवली आहे, मी फक्त वायरिंग केले.

कलम २. सुलतानपूरचे दुकान, तारांना डाग द्यायची, म्हणजे सोल्डरिंगची, दोन्ही यंत्रे, मीटर, पक्कडी, पेचकस आणि सुट्या भागांचे सर्व डबे मुलगी विशाखा हिला. ही हत्यारे तिच्या लग्नात देण्याघेण्याच्या यादीत धरू नयेत. ती तिची आहेत आणि तिच्याबरोबर जातील. पोरीच्या जातीला हे काम शोभते का, असे विचारणारे नातेवाईक आहेत. त्यांची नावे लिहून कागद खराब करत नाही. तिचा हात भरवशाचा आहे हे मी कशावरून म्हणतो, ते पुढच्या कलमात येईल.

कलम ३. आमच्या गावच्या शाळेत जो चोवीस इंची टीव्ही कॉम्प्युटरचा पडदा म्हणून चालतो, तो माझ्या मालकीचा असून तो मी शाळेला देत आहे. हे कलम लांबणार आहे, कारण भांडण याचेच आहे.

हा टीव्ही १९८४ साली गावासाठी आला. लाकडी पेटीतला, चार पायांचा, समोर सरकते दार आणि त्याला कुलूप. सरपंच पंजाबराव शेळके यांनी तो मारुतीच्या मंदिरात सभामंडपात बसवला. किल्ली त्यांच्या कमरेला. अँटेना मंदिराच्या छतावर मी चढून बांधली, कारण दुसऱ्या कोणाला ते जमत नव्हते. मी छतावर चढलेला चाललो, आत बसलेला चालत नव्हतो. आमच्या वस्तीतली माणसे खाली पायऱ्यांपाशी उभी राहून तिरक्या मानेने बघत. मला त्याची सवय होती. मी शाळेत असताना आम्ही व्हरांड्यात बसत असू, आणि तिथून फळ्याचा डावा कोपरा तेवढा दिसे. सातवीपर्यंत मी डाव्या कोपऱ्यावरच शिकलो.

पुढच्याच वर्षी मृगात अँटेनेवर वीज पडली आणि टीव्ही बंद झाला. पंचायतीने तो निरुपयोगी ठरवला. त्याआधी दहा वर्षे गावाचा लाउडस्पीकर मी फुकट दुरुस्त केला होता, त्याच्या बदल्यात तो मला द्यावा असा ठराव झाला, आणि पेटी बैलगाडीने माझ्या घरी आली. ठरावावर पंजाबरावांची सही होती. ही गोष्ट लक्षात ठेवावी.

पेटी उघडण्याआधी मी मनात त्रिसरण म्हटले. मेलेल्या सेटसमोर मी नेहमी म्हणतो. आत पाहिले तर आकाशातले चित्र पकडणारा भाग, ज्याला आम्ही ट्यूनर म्हणतो, तो जळून कोळसा झाला होता. बाकी सगळे, पडद्याची नळीसुद्धा, धडधाकट. पण नवा ट्यूनर मिळेना. टीव्ही घरात पडून राहिला आणि जनकाबाई त्यावर गोधड्या ठेवू लागली.

मग १९८६ साली शाळेला सरकारकडून कॉम्प्युटर आला. सोबतचा छोटा पडदा रस्त्यातच फुटला होता. तो धड आला असता तरी चोपन्न मुलांना कसा दिसला असता कोण जाणे. मुख्याध्यापक महादेवराव यांना वरून कागद आला, की पंधरा दिवसांत चालू दाखवा, नाहीतर कॉम्प्युटर दुसऱ्या शाळेला जाईल. ते माझ्याकडे आले. मी त्यांच्याकडची पुस्तिका पाहिली. इंग्रजी मला वाक्यांचे येत नाही, वायरिंगच्या नकाशाचे येते. कॉम्प्युटरच्या मागून चित्राची वायर निघते, असे त्यात होते. मी गोधड्या खाली काढल्या.

टीव्ही शाळेत नेताना पंजाबराव पारावर होते. ते म्हणाले, "काऊन बे दयाराम, मढ्याले सलाईन लावून राह्यला का?"

मी म्हणालो, "मेला नाही पाटील. बहिरा झाला फक्त. तोंड शाबूत हाये त्याचं."

"याच्यात चित्र निघालं ना, तर मी कागदावर लिहून देतो, दयाराम खरा कारागीर आहे म्हणून. सही करून देतो, सही!"

पारावरची सगळी माणसे हसली. मीही हसलो, पण ते वाक्य जपून ठेवले.

पहिल्या प्रयत्नात चूक माझी झाली. अशा टीव्हीचा आतला लोखंडी सांगाडा सरळ विजेच्या लाइनवर असतो. प्लग उलटा बसला की सांगाड्यात करंट उतरतो. हे मी दहा जणांना शिकवले आहे आणि घाईत स्वतः विसरलो. कॉम्प्युटर जोडायच्या आधीच करंट लागून मी शाळेतल्या धान्याच्या पोत्यांवर जाऊन पडलो. मदतीला आलेली जनकाबाई आजही म्हणते, "तुमचे केस जळून राह्यले होते अन् तुम्ही मले विचारता, पडदा उजळला का?" पडदा उजळला होता, हे नमूद करतो.

असा करंट कॉम्प्युटरला किंवा मुलांना लागला असता तर मला दुकान उघडायचा अधिकार राहिला नसता. तेव्हा मी जुन्या स्टॅबिलायझरचे लोखंड काढून एक ट्रान्सफॉर्मर गुंडाळायला घेतला, की ज्याने टीव्ही लाइनपासून सुटा व्हावा. सातशे वेढे एकीकडे, सातशे दहा दुसरीकडे. वेढे विशाखाने मोजले. चारशे छत्तीसवर तिला शंका आली, तर तिने सगळी तार उलगडली आणि एकपासून सुरुवात केली. मी म्हणालो, एखादा इकडेतिकडे चालतो. ती म्हणाली, "तुमाले चालत असंन बाबा, मले नाही चालत." कलम २ चे कारण हे आहे.

शिक्षण खात्याचे साहेब पाहणीला आले त्या दिवशी चोपन्न मुले चार ओळींत बसली होती. पंजाबराव दारात उभे होते. कॉम्प्युटरची वायर जळालेल्या ट्यूनरला वळसा घालून मी पुढे जोडली होती. महादेवरावांनी बटण दाबले. पडदा आधी राखाडी, मग काळा, आणि मग त्यावर हाताच्या बोटाएवढी पांढरी अक्षरे. त्यांनी गावाचे नाव इंग्रजीत उमटवले. मी त्यांना म्हणालो, सर, मला एक मिनिट द्या. मी वर्गात शेवटच्या ओळीच्या मागे गेलो, भिंतीला पाठ टेकून बसलो आणि तिथून मोठ्याने वाचले: टेकाडवाडी. डावा कोपरा, उजवा कोपरा, सगळे दिसत होते. व्हरांड्यात बसू लागल्यापासून बेचाळीस वर्षांनी मला अख्खा फळा दिसला. त्या दिवशी मी दुसरे काही मागितले नाही.

कॉम्प्युटर आमच्याच शाळेत राहिला. आज साखरखेर्ड्याहूनही मास्तर बघायला येतात. पंजाबरावांनी मात्र कागद लिहून दिला नाही. उलट म्हणू लागले, टीव्ही गावाचा आहे, मंदिरात परत बसवू. ठरावाचे बुक विचारले तर "सापडून नाही राह्यलं." मी हयात आहे तोवर त्याला कोणी हात लावत नाही. मी औरंगाबादहून परत न आल्यास तो उचलला जाईल आणि कॉम्प्युटर नुसता टकटक करणारा डबा होईल. म्हणून हे कलम.

कलम ४. टीव्ही शाळेला देण्याच्या अटी: (अ) तो ट्रान्सफॉर्मरशिवाय चालवू नये. प्लगच्या एका दांडीला लाल रंग लावला आहे, लाल वर. (आ) तो शाळेच्या बाहेर, कोणत्याही देवाच्या, पक्षाच्या किंवा पुढाऱ्याच्या कार्यक्रमाला नेऊ नये. (इ) बसण्याच्या ओळी आत्ता बदलतात तशाच दर आठवड्याला हजेरीप्रमाणे बदलाव्यात. शेवटच्या ओळीतल्या एकाने पडद्यावरचे वाचून दाखवल्याशिवाय तास सुरू करू नये. ही अट मोडल्यास टीव्ही विशाखाने परत न्यावा.

कलम ५. माझ्या मागे रडारड नको. त्रिसरण, पंचशील म्हणावे आणि त्या दिवशीही शाळेचा तास बुडवू नये.

कलम ६. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे मेहकरच्या वकिलांनी मला सांगितले आहे. म्हणून मी पंजाबराव शेळके यांना पूर्ण विचारांती काहीही ठेवत नाही. एक स्क्रूसुद्धा नाही. ज्या कागदावर हे सगळे लिहिले आहे त्यावर त्यांची सही व्हावी, एवढीच माझी इच्छा आहे.

पंजाबराव आत्ता माझ्या ओट्यावर बसले आहेत. बोलावल्यावर आले, एवढे त्यांचे मोठेपण मानतो. त्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. खोटे न बोलण्याचे शील मी घेतले आहे, तेव्हा झालेले बोलणे जसेच्या तसे लिहितो.

"मढ्याले सलाईन, हेही लिहिलं का बे?"

"म्हणले होते ना पाटील?"

"हाव. म्हणलो होतो." कागद उलटून पाहत, "अन् मले काहीच नाही?"

"काही ठेवलं असतं तर तुमची सही चालली नसती."

दुसरे साक्षीदार तुळशीराम कंडक्टर हसू दाबायला कडुलिंबाकडे बघू लागले.

"लय हुशार झाला बे तू."

"व्हरांड्यात बसून शिकलो, पाटील."

पंजाबरावांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "माही नात या हप्त्यात शेवटच्या ओळीत हाये. घरी येऊन सांगे, आबा, मले मागूनबी सारं दिसते." चष्मा पुसला. "आण तो पेन."

हे मी त्यांना वाचून दाखवले आहे. आता पेन त्यांच्या हाती देतो.

मुक्काम टेकाडवाडी, दिनांक ७ मार्च १९८८

मृत्युपत्र करणार: सही, दयाराम शंकरराव अवसरमोल

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली म्हणून:

१. सही, तुळशीराम मोतीराम काळे, एस.टी. कंडक्टर

२. सही, पंजाबराव भगवंतराव शेळके, सरपंच

(सहीखाली पंजाबरावांच्या हस्ताक्षरात:) टीव्ही ठराव करून दयारामला दिला होता. ठरावाचे बुक माझ्या घरी आहे, उद्या शाळेत पाठवतो. दयाराम खरा कारागीर आहे. लिहून द्यायला दीड वर्ष उशीर झाला.