डोंगराने स्वतः आखलेले पट्टे

३ मार्च
आजपासून रोजनिशी. शिस्त म्हणून. पीएचडीची शेवटची खुली मुलाखत २६ तारखेला. ही तिसरी मुदतवाढ, पुढे नाही. बायकोची बढतीवर दुसऱ्या शहरात बदली होतेय. माझ्यापायी दोनदा नाही म्हणून बसली. यंदा २७ ला उत्तर द्यायचंय. मी पास झालो की दोघं जाणार. काळजीचं कारणच नाही.

५ मार्च
मुलाखतीसाठी घोकंपट्टी: उतारावरचं झुडूप वाहतं पाणी अडवून पिऊन टाकतं. खाली कोरड, तिथे काही उगवत नाही. त्याच्याखाली पुन्हा झुडपं. असे आपोआप पट्टे होतात, कुणी आखत नाही. साइट सातच्या उपग्रह फोटोत पट्टे बारा मीटरवर आहेत. माझ्या समीकरणांतून एकोणीस येतात. किरकोळ.

९ मार्च, दुपार
पाणी मुरण्याचा आकडा जरा फिरवला. सोळा आले.
सासरे राहायला आलेत. निवृत्त वनरक्षक. विचारलं, जावईबापू, कुठला डोंगर हो? म्हटलं, साइट सात. म्हणाले, डोंगराला नाव असतं. फोटो दाखवला नाही. उगाच गांगरतील बिचारे.

१३ मार्च
आणखी फिरवला. बारा! नेमके बारा! याला ओढूनताणून आणणं म्हणत नाहीत, कॅलिब्रेशन म्हणतात. गाइड मॅडम म्हणाल्या, इतकं नेमकं जुळलं की मला धास्ती वाटते, एकदा डोंगरावर जाऊन या. शनिवारी जाणार. म्हणजे जाणारच.

१६ मार्च, शनिवार
गेलो नाही. बुटाचा तळ सुटलाय. शिवाय प्रत्यक्ष पाहिलं की मन कलुषित होतं. सासरे म्हणाले, मी येतो की सोबत, पाय अजून शाबूत आहेत. त्यांना चुकवायला लायब्ररीत जाऊन बसलो. तिथेच डोळा लागला.

२१ मार्च
मॅडमचा तिसरा फोन, गेलात का? म्हटलं, वाटेतच आहे. स्वयंपाकघराच्या वाटेत होतो. फोटो पाहताना वाटून गेलं की ओळी जरा जास्तच सरळ आहेत. लगेच झटकलं. स्लाइडवर ठळक लिहिलं: मानवी हस्तक्षेप नाही.

२५ मार्च
हिने विचारलं, खरंच होईल ना रे? आवाज अगदी बारीक झाला होता. म्हटलं, सामान बांधायला घे. तिने खरोखरच घेतलं.
सासऱ्यांना पहिल्या रांगेत बसवणार. हॉल भरलेला दिसला पाहिजे.

२६ मार्च, संध्याकाळ
परीक्षकांनी विचारलं, हे पट्टे कुणी आखलेले नाहीत कशावरून? म्हटलं, शंभर टक्के खात्री आहे. पहिल्या रांगेत हात वर झाला. सासरे. म्हणाले, अहो, हा तर आपला बोडका डोंगर! माती धरायला ही झुडपं आम्हीच लावली, मी स्वतः दोरी धरली होती. दर बारा मीटरला एक ओळ, वरून तसा नियमच होता. मग पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, जगली की हो सगळी. डोळे भरून आले त्यांचे. टाळ्या झाल्या. त्यांच्यासाठी.

२७ मार्च
समितीने दया करून सहा महिने दिलेत. कुणी हात न लावलेला डोंगर शोधा म्हणाले.
हिने बदलीला हो कळवलं. म्हणाली, राग नाही तुझ्यावर, पण आता मी थांबत नाही. बाबा राहतील तुझ्या सोबतीला. मी रडलो नाही. फारसा नाही.
दुपारी नवे बूट आणले. सासऱ्यांपुढे सगळा नकाशा पसरला आणि पहिल्यांदाच मोकळेपणाने विचारलं, बाबा, यातला तुम्ही न लावलेला डोंगर कुठला? त्यांनी चष्मा पुसला. बोट नकाशाभर फिरवलं, पुन्हा एकदा फिरवलं. मग दुखावल्यासारखे म्हणाले, छत्तीस वर्षं नोकरीत मी काय झोपा काढल्या का?